ठोसा मारणाऱ्या हाताला लागत नाही?

समुद्रात एक जीव ठोसा मारून शिंपला फोडतो. नाव मँटिस श्रिंप. नावात श्रिंप असले तरी ही कोळंबी नव्हे. कोळंबी-खेकड्यांची दूरची बिरादरी म्हणा. कोकणातल्या ट्रॉलरच्या जाळ्यातही त्याचे भाऊबंद येतात, पण ते भाल्याने भोसकणारे. ठोसेवाल्यांतली मोरासारख्या रंगांची जात हिंदी आणि प्रशांत महासागरात प्रवाळांजवळ बिळात राहते. लांबी फार तर वीतभर.

आम्ही भाषा शिकवतो, विज्ञान नव्हे. तरी एका ऑफ तासाला वर्गात सांगितले, की त्याचा हात सेकंदाला सुमारे २३ मीटर वेगाने सुटतो, म्हणजे ताशी ८० किलोमीटरच्या वर. मागच्या बाकावरची मुले लगेच दंड फुगवून दाखवू लागली. पण नुसत्या दंडाने हे होत नाही. गलोल आठवा. रबर ताणायला वेळ लागतो, सोडायला लागत नाही. हा जीवही आधी हात दुमडून अडकवून ठेवतो, मग स्नायू आवळतो. हाताच्या कवचातला खोगिरासारखा एक भाग स्प्रिंगसारखा दाबला जातो. अडसर निघाला की हात सुटलाच! शीला पाटेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये हे मांडले.

त्या वेगाने पाण्याचा दाब एकदम उतरतो, वाफेचे बुडबुडे होतात आणि ते मिटताना दुसरा तडाखा बसतो. बिचाऱ्या गोगलगाईला एका ठोशात दोन मार. नेम जरा हुकला तरी या दुसऱ्या तडाख्याने शिकार सुन्न होऊ शकते.

एरवी तोंड न उघडणाऱ्या एका मुलीने विचारले, "टीचर, त्याच्या हाताला लागत नाही?"

वर्ग हसला. आम्हाला ते हसणे मुळीच आवडले नाही. नेमका हाच प्रश्न घेऊन अमेरिकेतले संशोधक बसले होते, आणि २०१२ मध्ये त्यांचे उत्तर छापून आले. हाताच्या गोळ्यावर आपल्या हाडा-दातांत असते तशा खनिजाचा कठीण थर असतो. त्याखाली तंतूंचे पापुद्रे एकावर एक, प्रत्येक जरासा फिरवून रचलेले. तडा आत शिरला तरी त्याला सरळ वाट मिळत नाही. वळत वळत तो दमतो. याच रचनेवरून मजबूत साहित्य बनवण्याचे प्रयोग चालू आहेत.

तरी झीज होतेच. मग कात टाकली की नवा हात मिळतो, पण काही दिवस तो मऊ असतो. अशा वेळी कुणी बीळ बळकावायला आले, तर काही जातींचे प्राणी हात पसरून धमकावतात. मारले तर स्वतःलाच लागेल, हे समोरच्याला कुठे ठाऊक?