डोक्यावरून आलेलं घर

त्या घरात शिरल्यावर आधी डोळ्यांत भरलं ते लोखंडी कपाट. शेणानं सारवलेल्या कुडाला टेकून उभं, राखाडी रंगाचं, दारावर माणूसभर उंचीचा आरसा. आरशात शेजारी बांधलेल्या दोन शेळ्या दिसत होत्या, आणि घामानं निथळणारा मी. जीप सोडल्यापासून दीड तास चढ चढून आलो होतो. पाठीवर सहा किलोची पिशवी होती, ती शेवटच्या चढाला घरच्या पोरानं न बोलता माझ्याकडून काढून घेतली होती. दम खाली बसल्यावर तोंडून निघालं, "हे इथं आणलं कसं?"

घरधनी म्हणाला, "आडवं करून, सर. सहा माणसं लागली. आरसा काढून बायकोनं वेगळा आणला."

हे सगळं त्यानं अंगणातून टोपलं उचलून आणल्यासारखं सांगितलं. बायको चुलीपाशी होती. आरसा फुटला नाही याचा थोडा अभिमान तिच्या चेहऱ्यावर दिसला, की मला तसं वाटलं, कोण जाणे.

नंदुरबार जिल्ह्यातला सातपुडा. अक्कलकुव्याहून मोलगीच्या वाटेला लागलं की देवगोई घाट येतो, आणि त्याच्यावरच्या डोंगरांत डाबच्या अंगाला हा पाडा. डाब हे भिलांच्या याहामोगी देवीचं मूळस्थान मानतात. याहा म्हणजे आई. नकाशावर हा सगळा मुलूख कर्कवृत्ताच्या खाली, उष्ण कटिबंधात. पण डाब आणि वालंब्याकडे थंडीच्या कडाक्यात पहाटे गवतावरचं दव गोठतं. मी जानेवारीत गेलो होतो. रात्री चुलीभोवती झोपलेल्या माणसांत आणि शेळ्यांत मलाही जागा मिळाली. गुरं घरात का बांधतात, याविषयीची माझी शहरी मतं त्या रात्री निमूट गोधडीत शिरली.

देशावरचं गाव म्हणजे भिंतीला भिंत. इथं गाव एकाच नावाचं, पण त्याचे पाडे दहा डोंगरांवर. पाड्यातही प्रत्येक घर आपापल्या शेतात, आपापल्या टेकाडावर. शेजाऱ्याला बोलवायचं तर अंगणाच्या कडेला उभं राहून लांबच लांब हाक घालायची. समोरच्या सोंडेवरून उत्तर येतं. अंतर विचारलं तर "हे इथंच, टेकाडापलीकडं" असं उत्तर मिळतं, आणि ते टेकाड उतरून चढायला पाऊण तास लागतो. आपल्याला फसवलं असं पहिल्यांदा वाटतं. मग कळतं, की इथं अंतर रस्त्याच्या लांबीवर मोजत नाहीत. डोक्यावर काही आहे की नाही, यावर ते ठरतं. मोकळ्या माणसाला टेकाड खरंच इथंच असतं.

एकदा हे लक्षात आलं आणि घराकडे बघायची माझी तऱ्हाच बदलली. सागाचे खांब आणि कुडाचा बांबू जवळच्या रानातले, माती अंगणातली. पण छपरावरचे चार पत्रे, सौरदिव्याची पाटी, पोरांची दप्तरं, मिठाची गोण, स्टीलची भांडी ठेवायची मांडणी, यांतली प्रत्येक वस्तू कुणाच्या ना कुणाच्या डोक्यावरून आलेली. सिमेंटची गोणी 50 किलोची. ती खाली ज्या भावाला मिळते त्यावर वर चढवायची मजुरी, नाहीतर स्वतःची मान. घरधन्याला विचारलं, मोरीपुरता ओटा तरी सिमेंटचा का नाही केला? तो हसला. "गोणी येईल, सर. पण वाळू?"

वाळूचा विचार मी आयुष्यात कधी केला नव्हता.

खालून वर येतं ते जड, वरून खाली जातं ते हलकं. इथली सगळी रीत यातच आली. उन्हाळ्यात इथल्या घराघरांत कैऱ्या सोलतात, चकत्या करून उन्हात वाळवतात आणि आमचूर विकतात. हा मी इतके दिवस निव्वळ स्वयंपाकाचा प्रकार समजत होतो. कैरीत बहुतेक सगळं पाणीच. ते पाणी डोक्यावर घेऊन डोंगर कोण उतरेल? म्हणून ते सूर्याला देऊन टाकायचं आणि उरलेला आंबटपणा तेवढा बाजारात न्यायचा. मोहाची फुलं वाळवायची तीही त्यासाठीच, आणि चारोळीचं तर वजन थोडं नि मोल जास्त. दूध मात्र घरातच संपतं. अलीकडे डाब-वालंब्याकडे स्ट्रॉबेरी होते, तिचं कौतुक वर्तमानपत्रांत येतं आणि ते योग्यच आहे. पण स्ट्रॉबेरीला ऊन दाखवून थांबवता येत नाही. जिथं पिकअप गाडी बांधापर्यंत येते तिथंच ती परवडते. रस्ता कुठं संपतो हे बघायचं असेल तर स्ट्रॉबेरीचे वाफे कुठं संपतात ते बघावं.

सगळ्यांत अवघड ओझं माणसाचं. ओसरीच्या आढ्याला एक जाड, सरळ बांबू टांगलेला होता, मधोमध गुळगुळीत झालेला. मला वाटलं वलणी असेल. ती झोळीची दांडी होती. गोधडीची झोळी बांधायची, आजारी माणूस किंवा अडलेली बाई तीत घालायची, आणि चारजणांनी आळीपाळीनं खांदा देत गाडीरस्त्यापर्यंत न्यायचं. तिथून पुढं मोलगीचं ग्रामीण रुग्णालय. बातमीदारांनी याला 'बांबूलन्स' असं चटपटीत नाव ठेवलं आहे. पाड्यात तो शब्द मी कुणाच्या तोंडी ऐकला नाही. घरधन्याच्या थोरल्या सुनेला याच झोळीतून नेलं होतं, ऐन श्रावणात. अर्ध्या वाटेवरच मुलगी झाली. तीच आता माझ्या पिशवीची चेन उघडून बंद करत बसली होती.

आणि याच खांद्यांवर सणही येतो. काठी गावच्या राजवाडी होळीसाठी भला उंच बांबू माणसं दूरच्या जंगलातून वाहून आणतात, तो उभा करायचा खड्डा हातांनी खणतात, रात्रभर नाचतात आणि होळी पेटते ती पहाटे. त्या मिरवणुकीत घरधनी दोनदा होता. कपाटाविषयी तो एका वाक्यात बोलला होता. या बांबूविषयी तासभर बोलला.

डोंगराच्या उत्तर अंगाला, नर्मदेकाठी, गोष्ट आणखी वेगळी. तिथं होती ती वाटही गेली. सरदार सरोवरात महाराष्ट्राची 33 गावं बाधित झाली, 2019 साली धरण पहिल्यांदा 138.68 मीटरपर्यंत भरलं, आणि कित्येक पाड्यांना पाण्यानं तीन बाजूंनी धरलं. तिथला दवाखानाही बोटीतून येतो. विधानसभेचा राज्यातला पहिला मतदारसंघ अक्कलकुवा, आणि त्यातलं पहिलं मतदान केंद्र याच नर्मदेकाठच्या मणिबेलीचं. यादी तिथून सुरू होते एवढं खरं. रस्त्याची सुरुवात मात्र दुसऱ्या टोकाकडून झाली.

शेवटच्या रात्री कपाट उघडलं गेलं. मला वाटलं होतं, दागिने, फार तर लुगडी असतील. वरच्या कप्प्यात प्लास्टिकच्या पिशवीत शिधापत्रिका, पोरांचे दाखले आणि वनहक्काच्या दाव्याचे कागद, घडीवर फाटत आलेले. "या कागदापायी अकरा खेपा झाल्या," तो म्हणाला. कागदाला वजन नसतं असं मी म्हणणार होतो, पण गप्प बसलो. कपाट घेतलं ते उंदरांपासून हे कागद वाचवायला. पैसे ऊसतोडीचे. दिवाळीनंतर नवराबायको बारडोलीकडे जायची, चार हंगाम गेली.

सकाळी पोरगा मला पोचवायला खाली आला. उतरताना त्याच्या डोक्यावर चारोळीचं गाठोडं होतं. जीपच्या थांब्याशी व्यापाऱ्यानं ते मापलं, पैसे मोजले. माझी पिशवी टपावर गेली. मी त्याला म्हटलं, "आता मोकळा जाशील, बरं झालं."

"मोकळं वर कोण जातं, सर?"

दुकानाच्या कडेला त्याच्यासाठी एक खिडकीची लोखंडी चौकट येऊन पडली होती, अजून गज न बसवलेली. कुडाला खिडकी पाडायची होती, वहिनीला चुलीचा धूर सोसत नव्हता म्हणून. त्यानं चौकट उचलून बघितली, डोक्यावर धरून बघितली, जमेना. मग सरळ आत डोकं घालून ती गळ्यात अडकवली, दोन्ही खांद्यांवर नीट बसवली, मोकळ्या झालेल्या हातांनी मिठाची गोण डोक्यावर घेतली आणि चढणीला लागला.