गॅरेजचा कोबा

1.
नाशिक. घराचं गॅरेज, दहा बाय वीस फूट. जुना कोबा, जागोजागी भुकटी सुटलेली. झाडू मारला की दर वेळी थोडा कोबाच सुपलीत येतो. एपॉक्सी करायचं ठरलं. कळल्यावर प्रत्येकाने विचारलं, "रंग कोणता?"

2.
कोब्यावर पाण्याचे थेंब टाकायचे. मिनिटा-दोन मिनिटांत जिरले तर ठीक. तसेच उभे राहिले तर तिथे तेल मुरलंय. स्कूटरच्या इंजिनखाली उभे राहिले. डीग्रीझर, ब्रश, स्वच्छ पाणी, पुन्हा थेंब. जिरेपर्यंत हेच.

3.
ओलीची परीक्षा : दीड बाय दीड फुटाचं जाड पारदर्शक प्लॅस्टिक, चारी कडा टेपने बंद, किमान सोळा तास. सोडवल्यावर आतून पाणी सुटलेलं दिसलं किंवा कोबा काळा पडला असेल, तर ओल खालून येतेय.

असे दोन तुकडे लावले. शटरजवळचा कोरडा निघाला, भिंतीलगतचा काळा. भिंतीपलीकडे जास्वंदीचा वाफा आहे आणि त्यात रोज पाइप सोडलेला असतो. भिंतीकडचं पाणी वळवलं, वाफ्याला झारीने पाणी सुरू केलं, कोबा वाळू दिला. मग परीक्षा पुन्हा. या वेळी दोन्ही तुकडे कोरडे.

4.
खालची ओल वाफ होऊन वर येते, एपॉक्सी तिला वाट देत नाही. आधी फोड, मग पोपडे. जिथे ओल थांबवणं शक्यच नाही तिथे एपॉक्सी करू नये. शहाबादी किंवा चेकर्ड टाइल बसवावी. त्यात कमीपणा काही नाही.

5.
कोबा नवा असेल तर 28 दिवस थांबायचं. त्यात आधी पाण्याने भिजवायचा आणि मग वाळवायचा.

6.
कोबा खरखरीत करायला हार्डवेअरच्या दुकानात ॲसिडची बाटली लगेच मिळते. ओतलं की फेस येतो आणि काम झाल्यासारखं वाटतं. पण ॲसिड तेल काढत नाही. शिवाय कोब्यात पाणी मुरवतं, धुण्यात कसर राहिली तर क्षार मागे ठेवतं. ग्राइंडरच लावावा. कोब्याच्या वर सिमेंटचा दुधाळ, कच्चा थर असतो. तो गेला पाहिजे. घासून झाल्यावर हात फिरवावा : 80 नंबरच्या पॉलिश पेपरसारखा लागला की पुरे.

7.
ग्राइंडर चालवणारा मुलगा वीस-बावीसचा. तोंडाला रुमाल. पापण्या पांढऱ्या, कानाच्या पाळ्या पांढऱ्या. मध्येच रुमाल काढून त्याच रुमालाने कपाळ पुसलं आणि तोच परत बांधला.

दिसते ती धूळ खोकल्यावाटे निघते. फुप्फुसात खोल जाते ती सिलिकाची धूळ डोळ्यांना दिसत नाही. रुमाल तिला अडवत नाही. सिलिकोसिस बरा होत नाही. मध्य प्रदेशातल्या मंदसौरच्या पाटीवरच्या पेन्सिलींच्या कारखान्यांतली माणसं त्याने गेली. आपण शाळेत त्याच पेन्सिलींनी बाराखडी गिरवली.

काम थांबवलं. एन-95 मास्क आणले, कंत्राटदाराला ग्राइंडरला जोडायचा व्हॅक्यूम आणायला लावला. अर्धा दिवस गेला. जाऊ दे.

8.
कारखाने अधिनियम, 1948, लागू होता 2025 पर्यंत. तिसरी अनुसूची, कळवणं बंधनकारक असलेल्या रोगांची. त्यात सिलिकोसिस होता.
घरातलं गॅरेज हा कारखाना नाही.

9.
दोन डबे : एकात रेझिन, दुसऱ्यात हार्डनर. घराघरातल्या ॲराल्डाइटच्या दोन ट्यूब याच कुळातल्या. तुटलेली कपाची कडी जोडणारी आणि अंबड औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात फोर्कलिफ्टखाली टिकणारी रसायनं सख्खी भावंडं आहेत.

10.
हार्डनर जास्त घातला की लवकर सुकतं, हा समज पक्का रुजलेला आहे. तो खोटा आहे. प्रमाण चुकलं की थर चिकट राहतो, कायमचा. मोजून घ्यायचं. मंद ड्रिलने तीनेक मिनिटं फिरवायचं, बादलीच्या कडा आणि तळ खरवडून घ्यायचा, मग सगळं दुसऱ्या बादलीत ओतून पुन्हा फिरवायचं. कडेला चिकटलेलं न मिसळलेलं रेझिन जमिनीवर गेलं तर तेवढा पट्टा कधीच वाळत नाही.

11.
मिसळलेलं एपॉक्सी बादलीत ठेवू नये. ते तापतं, तापल्यावर आणखी लवकर घट्ट होतं, आणखी तापतं. शेवटी बादलीतून धूर. मिसळल्याबरोबर जमिनीवर ओतून टाकायचं. पसरल्यावर उष्णता निघून जाते आणि हाताला वेळ मिळतो.

12.
दरपत्रकात लिहिलेलं : "एपॉक्सी, दोन हात." जाडी कुठेच नाही.

हिशोब साधा. एक लिटर माल एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर जाड बसतो. दहा बाय वीस म्हणजे साधारण साडेअठरा चौरस मीटर. पाव मिलिमीटर थर हवा तर साडेचार लिटरच्या वर माल लागणारच, तोही सॉल्व्हंट किंवा पाणी नसलेला. दोन लिटरमध्ये "दोन हात" बसवले तर रंग दिसेल, थर नसेल.

13.
सकाळी लावू नये. ऊन चढतं तसा कोबा तापतो, छिद्रांतली हवा फुगून वर येते, ओल्या थरात बुडबुडे फुटतात. दुपार कलली, कोबा निवू लागला की सुरुवात करावी.

14.
डिसेंबर-जानेवारीत जिल्ह्यातल्याच निफाडचं किमान तापमान रोज पेपरात असतं. द्राक्षवाले ते वाचतात. आमचा एपॉक्सीवालाही वाचतो. दहा अंशांच्या खाली बहुतेक एपॉक्सी घट्ट व्हायचं जवळजवळ थांबतंच. आणि जमीन दवबिंदूपेक्षा किमान तीन अंश गरम नसेल, तर न दिसणारं दव थराखाली अडकतं.

15.
कोब्यातले कापलेले सांधे एपॉक्सीने बुजवून सपाट करू नयेत. सांधा हलतो. वरचा थर तिथेच तडकतो.

16.
हातमोजे नायट्राइलचे. एपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर राहते. पुढे नुसत्या थेंबानेही हात सुजतात, मग एपॉक्सी लावणाऱ्याने दुसरा कोणता धंदा करायचा? हाताला लागलं तर साबण आणि पाणी. थिनरने पुसू नये, थिनर एपॉक्सीला त्वचेत आणखी आत नेतो.

17.
गुळगुळीत एपॉक्सी ओलं झालं की घसरतं. जुलैत स्कूटर, छत्र्या, रेनकोट, सगळं तिथेच निथळतं, आणि आई मागच्या दाराने त्याच वाटेने येते. वरच्या थरात बारीक क्वार्ट्झ भुरभुरवून घेतलं. चमक कमी झाली. कंत्राटदार हळहळला.

18.
शटरजवळ ऊन येतं. एपॉक्सी उन्हात पिवळं पडतं. वर ऊन सोसणाऱ्या पॉलियुरेथेनचा हात हवा.

19.
दुसऱ्या दिवशी चालता येतं. गाडी मात्र आठवडाभर बाहेर. कसारा घाट चढून आलेल्या गाडीचे टायर तापलेले असतात. निवताना ते आकसतात आणि कच्चा थर उचलून घेतात.

20.
दरपत्रक मागाल तेव्हा रंगाच्या आधी तीन गोष्टी लिहून घ्या : थराची जाडी, व्हॅक्यूम लावलेला ग्राइंडर, आणि प्रत्येक कामगाराला मास्क व हातमोजे. तिसऱ्याचे पैसे कंत्राटदार देत नसेल तर आपण द्यावेत. सगळ्या खर्चात तो सर्वांत छोटा आकडा असतो.