अणू, रेणू आणि चुन्याची निवळी

स्वगती अध्ययन म्हणजे शिक्षणाची अशी पद्धत, की जिच्यात पाठांचा क्रम आधी ठरलेला असतो, परंतु एका पाठावर किती दिवस घालवायचे हे शिकणारी व्यक्ती स्वतः ठरवते. या पद्धतीची वाखाणणी बहुधा तिच्या वेगासाठी केली जाते, आणि हुशार विद्यार्थ्याला वर्गाची वाट पाहत बसावे लागत नाही असे सांगितले जाते. प्रस्तुत लेखिकेचा अनुभव मात्र याच्या अगदी उलट आहे. कर्जत स्थानकाला लागून असलेल्या आणि आता कर्जत नगरपरिषदेच्या हद्दीत मोडणाऱ्या भिसेगावात, दहावीनंतर अनेक वर्षांनी, घरी बसून अकरावी-बारावीचे रसायनशास्त्र शिकताना तिला या पद्धतीने सर्वांत मोलाचे जे दिले ते थांबण्याचे स्वातंत्र्य होते, आणि वर्गात ते मिळाले असते तर कदाचित विज्ञान शाखेचा मार्ग तिने मुळात सोडलाच नसता.

तो मार्ग सुटण्याचे कारण रसायनशास्त्रात नसून भाषेत होते. महाराष्ट्रात मराठी माध्यमातून दहावीपर्यंत विज्ञान शिकलेल्या मुलाला अकरावीला तोच विषय जवळजवळ सर्वत्र इंग्रजीतून शिकावा लागतो, आणि वर्षाच्या पहिल्या काही आठवड्यांत, संकल्पना आणि शब्द दोन्ही एकदम नवे झाल्यामुळे, ज्यांची पायरी चुकते त्यांना पुढे ती सापडत नाही. लेखिकेने त्या भीतीने वाणिज्य शाखा घेतली, मुंबईत नोकरी धरली, आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून १०० किलोमीटरवर असलेल्या कर्जतहून रोज जाण्या-येण्यात चारएक तास घालवले. मार्च २०२० मध्ये उपनगरी गाड्या थांबल्या तेव्हा हे तास अकस्मात रिकामे झाले, आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात अभ्यास सुरू झाला.

साधने तीन होती. बालभारतीची अकरावीची आणि बारावीची रसायनशास्त्राची पुस्तके, जी अनुक्रमे २०१९ आणि २०२० पासून लागू झाली आणि ज्यांत प्रत्येकी सोळा प्रकरणे आहेत, ती इंग्रजीतून, पण विनामूल्य उतरवून घेता येत होती. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्थान, म्हणजे घरी राहून शालेय परीक्षा देऊ इच्छिणाऱ्यांसाठी १९८९ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय संस्था, हिचे पाठ तर एकट्याने शिकणाऱ्यासाठीच लिहिलेले असतात. त्यांत दर तीन-चार पानांनंतर प्रश्न येतात, उत्तरे पाठाच्या शेवटी दिलेली असतात, आणि ते हिंदीतही उपलब्ध आहेत. तिसरे साधन मराठी विश्वकोशातील नोंदी. मराठी वाचकाला इंग्रजीपेक्षा हिंदी जवळची, या समजुतीने सुरुवात हिंदी पाठांपासून झाली, आणि पहिली मोठी अडचण तिथेच उभी राहिली.

मराठीत मूलद्रव्याच्या सर्वांत लहान कणाला अणू म्हणतात, आणि दोन किंवा अधिक अणू जोडले जाऊन जो कण बनतो त्याला रेणू म्हणतात. हिंदीत पहिल्याला परमाणु म्हणतात आणि दुसऱ्याला अणु. म्हणजे ‘अणु’ हा एकच शब्द एका भाषेत एकट्या ऑक्सिजनच्या कणासाठी येतो आणि दुसरीत जोडीने असलेल्या ऑक्सिजनसाठी, त्यामुळे वजनाच्या गणितात थेट दुपटीचा फरक पडतो. ऑक्सिजनच्या एका ‘अणु’चे वस्तुमान १६ मानायचे की ३२, हा प्रश्न लेखिकेला आठ दिवस सुटला नाही, कारण प्रश्न शब्दाचा आहे हेच तिच्या ध्यानात आले नव्हते. असाच गोंधळ ‘क्षार’ या शब्दाचा. आम्ल आणि आम्लारी, म्हणजे आम्लाचा गुण मारणारा पदार्थ, यांच्या अभिक्रियेतून पाण्याबरोबर जे तयार होते त्याला मराठीत क्षार म्हणतात आणि खाण्याचे मीठ हा त्याचा परिचित नमुना आहे. हिंदीत मात्र त्याला लवण म्हणतात, आणि क्षार हा शब्द पाण्यात विरघळणाऱ्या आम्लारीसाठी राखून ठेवलेला आहे. वहीच्या शेवटच्या पानांवर मराठी, हिंदी आणि इंग्रजी असे तीन रकाने आखून शब्द भरत जाण्यात संपूर्ण जुलै महिना गेला, आणि त्या महिन्यात पाठ एकही पुढे सरकला नाही. वर्गाच्या हिशेबाने हा महिना वाया गेला असे म्हटले गेले असते. प्रत्यक्षात पुढील दोन वर्षांचा अभ्यास त्या तीन रकान्यांवर उभा राहिला.

मराठी संज्ञा नेहमीच तारक ठरतात असे मात्र नाही. रासायनिक समतोल ही अवस्था बंदिस्त संचात चाललेल्या दोन उलटसुलट अभिक्रियांचा वेग सारखा झाला म्हणजे येते. पदार्थ बनणे आणि मोडणे दोन्ही चालूच असते, फक्त एकूण प्रमाण बदलत नाही. ‘समतोल’ म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे तराजूची दोन सारखी पारडी येतात, म्हणून दोन्ही बाजूंचे पदार्थ समान प्रमाणात असले पाहिजेत असे लेखिकेने गृहीत धरले, आणि ही चूक दोन महिने कोणाच्याही नजरेस आली नाही, कारण नजर ठेवणारे कोणी नव्हतेच. शेजारच्या बारावीतील मुलीने एका उदाहरणाचे उत्तर पाहून ती दाखवून दिली. त्यानंतर ही संकल्पना मनात पक्की झाली ती कर्जतच्याच एका नित्य दृश्यामुळे: बोरघाट चढणाऱ्या गाड्यांना मागून रेटा देण्यासाठी येथे जोडली जाणारी बँकर इंजिने वर जातात आणि गाडी पोहोचवून परत येतात, त्यामुळे यार्डातील इंजिनांची संख्या साधारण तेवढीच राहते, जरी प्रत्येक इंजिन फिरतीवरच असते आणि वरच्या टोकाला तेवढीच इंजिने असावी लागत नाहीत.

मोल या संकल्पनेवर तीन आठवडे गेले. मोल हे कण मोजण्याचे एकक आहे. जसे डझन म्हणजे बारा आणि कोडी म्हणजे वीस, तसे एक मोल म्हणजे सुमारे ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण. अठरा ग्रॅम पाणी, म्हणजे तीन-चार चमचे, हे एक मोल पाणी. जुन्या पुस्तकांत मोलची व्याख्या कार्बन-१२ या समस्थानिकाच्या बारा ग्रॅममधील अणूंच्या संख्येवरून केलेली आहे, तर २० मे २०१९ पासून ती संख्याच निश्चित धरून व्याख्या केली जाते, आणि दोन पुस्तकांत दोन व्याख्या पाहून यांतील एक चुकीची असणार असे एकट्याने शिकणाऱ्याला वाटणे साहजिक आहे. भातशेतीच्या मुलखात पायलीची उपमा प्रथम सुचली, परंतु पायली दाण्यांची संख्या सांगत नाही, दाणा जाड असला की त्याच पायलीत कमी दाणे मावतात. मोलमध्ये संख्या अढळ असते आणि वजन बदलते. उपमा कुठे फाटते हे कळले त्या दिवशी मोल कळला.

घरी प्रयोग करण्याला मर्यादा आहेत आणि त्या पाळल्याच पाहिजेत: तीव्र आम्ले, विषारी वायू, ज्योतीच्या चाचण्या यांना स्वयंपाकघरात स्थान नाही. अनुमापन, म्हणजे ज्ञात तीव्रतेचे द्रावण थेंबाथेंबाने घालून दुसऱ्या द्रावणाची तीव्रता शोधणे, हे मात्र घरी जमण्यासारखे होते. विड्याच्या पानाला लावायचा चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, पाण्यात भरपूर ढवळून ठेवला की गाळाच्या वर जी स्वच्छ निवळी राहते तिच्यात तो लिटरमागे दीड ग्रॅमहून किंचित अधिक इतकाच विरघळलेला असतो, त्यामुळे संपृक्त द्रावणाची, म्हणजे ज्यात आणखी पदार्थ विरघळू शकत नाही अशा द्रावणाची, तीव्रता वजनकाट्यावाचून ठाऊक होते. दर्शक, म्हणजे रंग बदलून अभिक्रियेची पूर्तता सांगणारा पदार्थ, म्हणून हळद वापरली, जी आम्लारीत तांबडी होते आणि आम्ल वाढले की पुन्हा पिवळी. हळदीत चुना मिसळून कुंकू करण्याची जुनी रीत याच बदलावर आधारलेली आहे. चार टक्क्यांचे व्हिनेगर वीसपट पातळ करून, सुई काढलेल्या सिरिंजने, चुना डोळ्यांत उडू नये म्हणून चष्मा लावून ते घालायचे, आणि दहा मिलिलिटर निवळीला बारा ते तेरा मिलिलिटर लागायला हवे, असे कागदावरचे गणित सांगत होते.

पहिल्या दिवशी नऊ मिलिलिटरांतच रंग पालटला, दुसऱ्या दिवशी आठांत. सूत्र पुन्हा तपासले, व्हिनेगर पुन्हा पातळ केले, सिरिंज बदलली, तरी आकडा वर जाईना. दोष शेवटी सापडला तो वाटीवर धरलेल्या पातळ पांढऱ्या सायीत: निवळी रात्रभर उघडी राहिली होती, आणि हवेतील कार्बन डायऑक्साइडने तिच्यातील चुन्याचे न विरघळणाऱ्या कॅल्शियम कार्बोनेटमध्ये रूपांतर करून तिची तीव्रता घटवली होती. चुन्याची निवळी श्वासाने दुधाळ होते हे सातवी-आठवीतले वाक्य लेखिकेला तोंडपाठ होते, पण तेच वाक्य आपल्या वाटीत घडत असताना तिला ते ओळखता आले नव्हते. पाणी उकळून गार करून, बाटली काठोकाठ भरून बूच घट्ट लावल्यावर तीन वाचने आली: १२.४, १२.६, १२.६.

ते पाणी उकळताना पातेल्याच्या तळाशी जो पांढरा थर बसला त्याने पुढचा पाठ उघडला. दुष्फेन पाणी, म्हणजे ज्यात साबणाचा फेस नीट होत नाही असे पाणी, कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या विद्राव्य क्षारांमुळे बनते. त्यांतील बायकार्बोनेट उकळल्यावर मोडते आणि कॅल्शियम कार्बोनेटचा थर भांड्याला धरतो, जो व्हिनेगर टाकताच फसफसून निघून जातो. बोअरवेलच्या पाण्याविषयी घराघरांत चालणारी तक्रार ही अशी तीन ओळींची अभिक्रिया आहे. या पाण्यावरील एक उपाय झिओलाइट हे खनिज असून, त्याच्या जाळीदार रचनेत सैल बसलेले सोडियमचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, पाण्यातील कॅल्शियमच्या आयनांशी अदलाबदल करतात आणि मिठाच्या पाण्याने धुतल्यावर झिओलाइट पुन्हा कामाला येते. पुस्तकात हे खनिज पाणी सुफेन करण्याच्या संदर्भात एका ओळीत येते. भिसेगावच्या वाचकाने त्या ओळीवर थबकणे योग्य आहे, कारण सह्याद्रीच्या बेसॉल्टमधील पोकळ्या झिओलाइटच्या स्फटिकांसाठी जगभर ओळखल्या जातात, आणि १८६३ मध्ये खुल्या झालेल्या बोरघाटाच्या रेल्वेमार्गासाठी खोदकाम करताना निघालेले अशा पोकळ्यांतील नमुने दूरदूरच्या संग्रहांत गेले.

शेतकऱ्याच्या भाषेतही रसायनशास्त्र आधीच होते. माती परीक्षणाच्या अहवालात येणारा ‘सामू’ हा शब्द आम्लतेच्या त्याच मापासाठी आहे ज्याला पाठ्यपुस्तके पीएच म्हणतात. सात हा उदासीन बिंदू, त्याखाली आम्लधर्मी, त्यावर आम्लारिधर्मी. अतिपावसाने मातीतील कॅल्शियमसारखी द्रव्ये धुपून गेल्यामुळे कोकणात मातीचा सामू सहसा सातच्या खाली असतो. मातीचे पाणी हळदीवर टाकले तेव्हा काहीच घडले नाही, कारण हळदीला उदासीन आणि आम्ल यांतला भेद दाखवता येत नाही. जास्वंदीच्या पाकळ्यांचा काढा आम्लात गुलाबी आणि आम्लारीत हिरवा होत असल्याने पुढे तोच वापरला, मात्र मातीसारख्या सौम्य आम्लाला त्याचाही रंग इतका अंधूक बदलला की त्यावरून आकडा ठरवणे अशक्य होते.

एकट्याने शिकणाऱ्याला ब्युरेट, म्हणजे तोटी असलेली मोजनळी, हाती धरायला मिळत नाही, आणि क्षारांच्या विश्लेषणाचा अख्खा भाग वाचूनच सोडून द्यावा लागतो, याची भरपाई कोणत्याही पाठाने होत नाही. तालुक्याच्या ठिकाणी असलेल्या प्रयोगशाळा रविवारी बंदच असतात. त्यांतील एखादी, शिक्षकाच्या देखरेखीखाली, महिन्यातून एक दिवस अशा प्रौढ विद्यार्थ्यांना उघडून दिली, तर घरच्या अभ्यासातील ही पोकळी बरीचशी भरून निघेल असे लेखिकेचे ठाम मत आहे. गाड्या पूर्ववत झाल्यापासून अभ्यास पहाटे होतो, बारावीच्या सोळांपैकी अकरा प्रकरणे झाली आहेत, बाराव्यातील अल्डिहाइड आणि कीटोन यांच्यावर सध्या पाचवा आठवडा चालू आहे, आणि तीन रकान्यांची यादी वहीच्या मागच्या बाजूने सरकत मधल्या पानांपर्यंत आली आहे.