पखवाजाचें खोड

खानदेशच्या उन्हाळ्याविषयीं पुण्यामुंबईच्या स्नेह्यांस आम्ही कांहीं सांगूं लागलों, कीं ती आमची प्रांताभिमानी अतिशयोक्ति समजून ते हंसतात. वैशाखांत जळगांवचा पारा 45 अंशांच्या पलीकडे जातो हें वर्तमानपत्रांत छापून येतेंच. परंतु हवेचा कोरडेपणा पाऱ्यावरून कळत नाहीं. तो कळावयास लांकूड पाहावें. दारांच्या फळ्यांत फटी पडतात, पाट वांकतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या जपलेलें एखादें वाद्य भर दुपारीं, कोणी स्पर्शही केला नसतां, 'टच्' असा आवाज करून उकलतें.

धुळ्याजवळच्या आमच्या आजोळीं मामांचा पखवाज असाच उकलला. खोड शिसवाचें, एकाच ओंडक्यांतून कोरलेलें, मामांच्या वडिलांच्या वेळचें. उजव्या तोंडाच्या कांठापासून पोटापर्यंत नऊ बोटें लांब भेग गेली होती. धुम्याच्या बाजूस तर भुंग्यानें कांठ पोखरून त्याचा एक तुकडाच गळून पडला होता. आमचे मामेबंधु व्यवहारी गृहस्थ. "नवें खोड आणूं, पुड्या त्याच चढवूं," असें त्यांनीं एका वाक्यांत सांगून टाकलें. मामांनीं उत्तर दिलें नाहीं. चौऱ्यायशी वर्षांच्या माणसाचें न बोलणें हें घरांत फार ऐकूं येतें.

शास्त्राकडे पाहिलें तर मामेबंधूंच्या म्हणण्यांत तथ्य नव्हतें असें नाहीं. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं 1920 सालीं, व पुन्हा सविस्तर 1934 सालीं, आपल्या मृदंग-तबल्यांच्या नादाची मीमांसा केली. साध्या ताणलेल्या कातड्यांतून बेसूर उपस्वर निघतात. आपल्या पुडीवरील शाईच्या भारामुळें ते सुरेल क्रमानें लागतात, हें त्यांनीं दाखविलें. म्हणजे सुराचें मर्म शाईंत. मग खोडाचें महत्त्व काय? तर ताण सहन करण्याचें. वाद्या दोन्ही पुड्यांस एकमेकींकडे ओढतात, आणि तो सारा भार कांठावर येतो. कांठ एका ठिकाणीं खचला कीं पुडी तेवढी ढिली राहते व एकच वाद्य दोन सुरांत बोलूं लागतें. विलायती ड्रमचें अंग वाफेवर वांकविलेल्या पातळ मेपलच्या फळीचें असे. परंतु जुने ड्रम दुरुस्त करणारे तेथेंही आधीं कांठच तपासतात.

धुळ्यांत ज्या कारागिराकडे आम्ही तें खोड नेलें, त्यानें वाद्या सोडल्या, गठ्ठे काढले, भेगेंत नख घालून पाहिलें आणि मामांना म्हणाला, "आबा, पानी पडू द्या, मंग दखसूत." आम्हांस तो टाळाटाळीचा प्रकार वाटण्यासारखा होता, पण त्याचें कारण ऐकून आमच्या पदवीस मान खालीं घालावी लागली. लांकूड लांबींत जवळजवळ आटत नाहीं. रुंदींत आटतें, आणि तेंही वलयांच्या रेषेनें अधिक, गाभ्याकडे जाणाऱ्या रेषेनें त्याच्या निम्म्यानें. म्हणून भेग गाभ्याच्या दिशेनें पडते. वैशाखांत ती सर्वांत रुंद असते. त्या वेळीं ती चीप ठोकून घट्ट भरली, तर आषाढांत फुगणाऱ्या खोडास फुगावयास जागा उरत नाहीं, आणि तें दुसरीकडे फुटतें. त्यानें हें सूत्ररूपानें सांगितलें नाहीं. अशीं फुटलेलीं दोन खोडें कोपऱ्यांतून काढून दाखविलीं.

अडचण एकच होती. मामांना आषाढी एकादशीस गांवच्या विठ्ठलमंदिरांत तोच पखवाज वाजवावयाचा होता. "पुढल्या आषाढीचा भरंवसा तूं देतोस काय रे, प्राध्यापक?" असें त्यांनीं आम्हांस विचारलें. आम्ही कसला भरंवसा देणार!

मृगाचा पाऊस त्या वर्षीं वेळेवर आला. आठ दिवसांत भेग निम्म्यानें मिटली. मग कारागिरानें पातळ पात्यानें आंतील मळ काढला, जुन्या पलंगाच्या मोडक्या शिसवी खुराची चीप रेषा जुळवून तासली, आणि पाण्याच्या भांड्यांत ठेवून ऊन केलेला सरस लावून ती बसविली. बाजारांतील पांढरा गोंद कां नको, असें आम्ही विचारलें. तो सततच्या ताणाखालीं हळूहळू सरकतो, आणि पुढें कोणास सांधा उकलावयाचा झाला तर सरस ऊन पाण्यानें सुटतो, असें तो म्हणाला. आपल्यानंतर येणाऱ्या कारागिराची सोय पाहणारा मनुष्य आम्हांस विद्यापीठांतही क्वचितच भेटला आहे! खोडास ओलें सुंभ गुंडाळून काठीनें पीळ दिला. धुम्याकडील पोखरलेला भाग पक्क्या लांकडापर्यंत कापून तेथें नवा तुकडा सांधला. भुंगा बाहेरचें कोंवळें लांकूड खातो, गाभ्याचें काळें लांकूड सहसा सोडून देतो. शेवटीं कांचेवर गेरू पसरून कांठ त्यावर टेकविला. जेथें गेरू लागला तेथें कानस, पुन्हा कांच, पुन्हा कानस. या एका कामांत दुपार गेली.

पावसाळी हवेंत सरस लवकर वाळेना. एकादशीस चार दिवस उरले असतां पुड्या चढल्या. "दिवाळीपर्यंत सूर उतरवूनच ठेवा, आबा," असें कारागिरानें बजावलें, आणि मामांनीं मान डोलावली.

एकादशीच्या रात्रीं तो स्वतः येऊन पहिल्या रांगेंत बसला. त्याची दृष्टि विठ्ठलाकडे नव्हती, उजव्या कांठाकडे होती. पहिला अभंग उतरत्या सुरांत झाला. दुसऱ्याच्या आरंभीं पेटी वरच्या सुरांत लागली, आणि मामांनीं आसनाखालून हातोडी काढून शांतपणें एकेक गठ्ठा ठोकावयास सुरुवात केली.