साखर शेवटी

अब्बांच्या इंतकालाला वर्ष होत आले, तरी अम्मी स्वयंपाकघरात फिरकत नव्हती. ईदला आमच्याकडे शीरखुर्म्यासोबत खुबानीचा मीठा असतोच. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे हैदराबादचा हा गोड पदार्थ इथल्या दस्तरखानावरही रुळला. अम्मी तो मंद निखाऱ्यांवर शिजवायची.

यंदा मी स्लो कुकर काढला. ईदच्या तीन दिवस आधी करून पाहायचे ठरवले. पाव किलो सुकी खुबानी रात्रभर भिजवली, बिया काढल्या, त्याच पाण्यात साखर घालून जोहरनंतर कुकर लावला. इफ्तारला झाकण उघडले, तर साली चिवटच!

"साखर आधी घातलीस ना?" अम्मीने बाहेरूनच विचारले.

"हो."

"मग कशी शिजेल? साखर फळाला मऊ होऊ देत नाही. ती शेवटी घालायची."

आणि ती उठून आत आली. बत्ता घेऊन बिया फोडायला बसली. प्रत्येक गिरीचा कण जिभेवर ठेवून कडू गिऱ्या टाकून दिल्या, गोड तेवढ्या वाटीत ठेवल्या.

चांदरातीला कुकर पुन्हा लावला. फळ गळल्यावर अम्मीने स्वतः साखर घातली, वर गिऱ्या पेरल्या.

ईदला गरम मिठ्याची पहिली वाटी शेजारी पोचवायचे काम अब्बांचे असे. यंदा साय घालून, वाटी झाकून, अम्मीच घेऊन निघाली.