चाकांवरचे घर निवडताना

अमेरिकेत स्थायिक झालेले माझे थोरले मावसभाऊ घर विकून कायमचे ट्रेलरमध्ये राहण्याच्या बेतात आहेत. वय ६८, दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली. वहिनींना इन्सुलिन चालू. त्यांनी माझा सल्ला विचारला. गाड्यांतले मला फारसे कळत नाही. पण वजनाचे पथ्य डॉक्टरला कळते!

वाचकहो, ओढणे निराळे आणि पेलणे निराळे. भरलेला ट्रेलर ३००० किलोंचा असेल, तर साधारण १० ते १५ टक्के, म्हणजे ३०० ते ४५० किलो भार गाडीच्या मागील जोडावर येतो. त्यात माणसे व सामान मिळवावे आणि ती बेरीज चालकाच्या दाराच्या चौकटीवर छापलेल्या मर्यादेशी ताडून पाहावी. दादांनी पसंत केलेला पिकअप तेथेच नापास झाला. म्हणून आधी ट्रेलर ठरवावा, गाडी मागाहून.

ट्रेलर पाहायला जाल, तेव्हा पलंगावर प्रत्यक्ष आडवे व्हा. पलंग तिन्ही बाजूंनी भिंतींत अडकलेला असेल, तर रात्री लघवीला उठणाऱ्यास जोडीदाराला ओलांडावे लागते. पायऱ्यांना भक्कम कठडा हवा. बाहेरची वीज नसतानाही इन्सुलिन थंड राहिले पाहिजे. आरोग्य विमा इतर राज्यांत चालतो का, हेही आधीच विचारावे.

मुख्य प्रश्न मात्र मी वहिनींना विचारला. आडरानात दादांच्या छातीत दुखू लागले, तर ट्रेलर सोडवून गाडी कोण हाकणार?

परवा त्यांचा फोन आला. “भाऊजी, ते सारे मला एकटीला जमेल, तेव्हाच घर विकायचे.”

दादा मागे गप्प होते.