पुतळा, मूर्ती आणि प्रतिरूप

मराठीत चौकात उभा राहतो तो पुतळा, पुजला जातो ती मूर्ती, भिंतीवर लागते ती तसबीर आणि मनात उरते ती छबी. जळगाव-धुळ्याच्या गावांतून हिंडताना आम्ही हे भेद कानांनी शिकलो. श्रावणात नारळावर नाकडोळे रेखून नथ घातली, की खानदेशी माणूस म्हणतो, घरी कानबाई आली. धुळ्यास १९२६ साली निवर्तलेल्या इतिहासाचार्य राजवाड्यांनी शब्दांची मुळे शोधली. या शब्दांच्या मुळाशी आम्हांस नातेच दिसते.

इ. स. ७८७ मध्ये निसियाच्या दुसऱ्या धर्मसभेने शिकविले, की प्रतिमेला दिलेला मान मूळ व्यक्तीस पोहोचतो. मग अवमानही पोहोचतच असेल! उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात तर माणूसच देवाचे प्रतिरूप ठरला आहे. ऊसतोडीला निघालेल्या भिल्ल कुटुंबाला कोणी ‘कोयता’ म्हणून मोजतो. नवराबायको मिळून एक कोयता! त्या शब्दात हत्यार उरते, माणसे पुसली जातात. वेदीवरील मूर्तीची धूळ आपण हळुवार हातांनी पुसतो. वाचकहो, दाराशी आलेल्या त्या जिवंत प्रतिरूपाला निदान त्याच्या नावाने हाक मारू या.